म्हातारीची आंबील

एकोडीच्या यादोरावांच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी निघाला असेलच, तर तो पाळण्यात. त्यानंतर तो कोणी ऐकला नव्हता. ऐन धानाच्या रोवण्याच्या दिवसांत कोणी बैलजोडी मागायला आला, तर घेऊन जायचा. बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्याची पाळी यादोरावांची असली, तरी शेजारचा भैय्यालाल बांधावर येऊन नुसता खाकरला की यादोराव म्हणणार, "घे गा तूच आधी. माह्या बांधीले काय घाई आहे?" एका दिवशी तीन घरची आमंत्रणं आली, तर ते तिन्ही घरी पोटभर जेवत आणि मग दोन दिवस ओवा चघळत हिंडत. भीड ही भिकेची बहीण असते, हे सत्यभामाबाईंनी संसाराच्या सुरुवातीलाच नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. यादोराव त्यालाही "हो" म्हणाले होते.

माणूस मात्र लाख मोलाचा. गावात त्यांना एकही वैरी नव्हता. वैर जोडायचं तर एकदा तरी कोणाला काही नाकारावं लागतं, आणि तेवढी सवड त्यांनी स्वतःला कधी दिली नाही.

हा स्वभाव असाच निभावून गेला असता, पण शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर ते कोंढ्याच्या मंडईला गेले. आपल्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाव्हणेरावळे जमतात, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ रंगतो आणि दिवसा सोयरिकी जुळतात. कोंढ्याचे वासुदेवराव तालेवार शेतकरी, तळ्याखालच्या सगळ्या बांध्या, धानाची खाचरं, त्यांची, आणि मुलगा इश्वर लग्नाचा. त्यांनी यादोरावांना हाताला धरून घरी नेलं, पाटावर बसवलं आणि पातोडीची भाजी, वडे, तांदळाची खीर असं ताट पुढे केलं. इकडची एक रीत आहे. मुलीचा बाप मुलाच्या घरी पोटभर जेवला, की सोयरीक त्याच्या मनात आहे असं धरतात. यादोरावांना ही रीत चांगली ठाऊक होती. पण वाढणाऱ्या बाईला पुरे कसं म्हणावं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खीर तीनदा घेतली. हात पुसताना वासुदेवराव म्हणाले, "मग पोरगी आमचीच समजाची ना? माघात साक्षगंध, फागुनात लगन."

"हो जी," यादोराव म्हणाले.

मुलगी म्हणजे रुखमिणी. सोळावं लागलेली, साकोलीच्या शाळेत दहावीला. फाल्गुनात लग्न म्हणजे मार्चची बोर्डाची परीक्षा बुडाली, हे यादोरावांच्या ध्यानात आलं ते परतीच्या बसमध्ये, आणि तोवर कोंढा बरंच मागे पडलं होतं. घरी सत्यभामाबाईंना सोयरीक आवडली. घर भरलेलं, मुलगा निर्व्यसनी, आणखी काय पाहिजे? रुखमिणीनं सगळं ऐकलं, डोक्यावरची घागर उतरवली आणि भांडी घासायला बसली. ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे होकार, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

त्यानंतर ती शाळेतून उशिरा येऊ लागली. चारची बस सोडून सहाच्या बसनं यायची आणि विचारलं तर "शाळेत काम होतं" म्हणायची. एक दिवस भैय्यालाल साकोलीचा बाजार करून आला आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच यादोरावांच्या ओसरीवर चढला.

"यादोराव, तुही पोरगी शाळा सुटल्यावर काय करते, माहीत आहे का? टीवीसारखी मशीन आहे तिथं. तिच्यावर खेळ खेळते म्हणते, पोराइच्या संगं!"

सत्यभामाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. कोंढ्यापर्यंत ही गोष्ट गेली तर काय होईल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. "उद्याच जा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अन् नाव काढून आणा. तसंही फागुनात जाचंच आहे तिले. चार महिने आधी घरी बसली त काय बिघडते?"

"हो," यादोराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते दुपारच्या बसनं साकोलीला उतरले. वाटभर ते वाक्य घोकत होते: माह्या पोरीचं नाव काढून द्या जी. वाक्य काही अवघड नव्हतं, पण त्यात कोणाला तरी वाईट वाटण्याची शक्यता होती, म्हणून ते तोंडात नीट बसत नव्हतं.

शाळा सुटली होती. शिपायानं त्यांना मागच्या खोलीकडे धाडलं. दाराशी चपलांचा ढीग पडला होता, खिडक्यांना जाड निळे पडदे होते आणि आत थंडगार काळोख. देवळात जावं तसे ते पायातल्या वहाणा काढून आत शिरले. समोर मेजावर मशीन होती. खाली खटके असलेली पेटी आणि वर टीव्ही. टीव्हीच्या कपाळावर दसऱ्याच्या पूजेचं वाळलेलं कुंकू अजून होतं. शासनानं शाळेला असे दोन संगणक दिले होते, आणि ते शिकवायला विज्ञानाच्या सुलोचनाबाई नागपूरला जाऊन प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. मशीनभोवती मुलंमुली दाटीवाटीनं बसली होती आणि मधोमध, खुर्चीवर, रुखमिणी.

बापाला पाहून तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती उठायला लागली, पण सुलोचनाबाई म्हणाल्या, "बस तू. या बाबाजी, या! बरं झालं आलात. कोणाचेच आईबाप इकडे फिरकत नाहीत. बसा, पाहा तर पोरं काय करतात."

आता समोर कोणी इतक्या आनंदानं खुर्ची पुढे केल्यावर यादोराव काय करणार? बसले.

"बाई, मी आलो होतो थे..." त्यांनी सुरुवात केली.

"सांगा ना, निवांत सांगा. आधी हे पाहून घ्या." बाईंनी समजावून दिलं. हा विलायतेत बनवलेला खेळ. एका गावाच्या देवळातली घंटा चोरीला गेली आहे आणि खेळणाऱ्यानं जंगलातून जाऊन ती शोधून आणायची आहे. वाटेत कोडी येतात. कुठे कुलपाचा आकडा शोधायचा असतो, कुठे नावेतून कोणाला आधी न्यायचं ते ठरवायचं असतं. मशीन इंग्रजीत विचारते, आपण खटके दाबून उत्तर द्यायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. "इंग्रजीच्या तासाला यांच्या तोंडातून ब्र निघत नाही," बाई म्हणाल्या, "आणि इथे शब्दकोशासाठी मारामारी करतात. परवा अधिकारी विचारत होते, यातून पोरं शिकतात काय. मी म्हटलं, साहेब, एकदा जमिनीकडे पाहा."

यादोरावांनी पाहिलं. फरशीवर खडूनं सारं जंगल काढलं होतं. नदी, पूल, दगडी वाट, झोपडी. जिथे फसगत झाली तिथे फुल्या मारल्या होत्या, आणि झोपडीवर तर इतक्या फुल्या होत्या की झोपडी दिसतच नव्हती.

"इथं काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि सगळी मुलं खो खो हसली.

"बाबा, तुमीच पाहा," रुखमिणी हळूच म्हणाली. तिनं आपली खुर्ची बापाला दिली आणि दोन खटके दाखवले. हा 'हो'चा, हा 'नाही'चा. मग पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली आणि ती वाचून तिचं मराठी करून सांगत गेली. न अडखळता. नडलेल्या शब्दाला बोट थांबायचं, शब्दकोशाची पानं सळसळायची आणि गाडी पुन्हा सुरू. मुलगी इंग्रजी वाचते हे यादोरावांना माहीत होतं, जसं दिल्ली आहे हे माहीत होतं. डोळ्यांनी त्यांनी ते आज पाहिलं. छाती थोडी वर आली, आणि आपण नाव काढायला आलो आहोत हे आठवून पुन्हा खाली गेली.

"आता तुमी झोपडीपाशी आले," रुखमिणी सांगत होती. "आत एक म्हातारी चुलीपाशी बसली आहे. थे म्हणते, दमून आलास बापा, थोडं गरम सूप घेतोस का?"

"सूप म्हणजे?"

"आपली आंबील समजा," मागून कोणी म्हणालं.

"घेतो ना!" असं म्हणत यादोरावांनी 'हो'चा खटका दाबलासुद्धा. पडदा काळा झाला. मग ओळ आली. रुखमिणीनं वाचलं, "तुमाले गाढ झोप लागली. जागे झाले त गावातच आहा."

खेळ पुन्हा पहिल्यापासून. मुलांनी भराभर कोडी सोडवून देत त्यांना पुन्हा झोपडीपर्यंत आणलं. म्हातारीनं पुन्हा विचारलं. यादोरावांनी पुन्हा आंबील घेतली. पुन्हा झोप, पुन्हा गाव. तिसऱ्या वेळी त्यांना वाटलं, आधी आपल्याला भूक लागली नसेल, आता चालून लागली असेल. पुन्हा तेच.

"अजी, हे म्हातारी त बदमाश आहे!" ते म्हणाले, आणि खोली हसण्यानं दणाणून गेली. ते हसणं त्यांच्यावर नव्हतं. ज्यानं त्यानं तेच केलं होतं.

"खरं सांगू का," सुलोचनाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या अख्ख्या वर्गानं दसऱ्यापासून त्या म्हातारीची आंबील प्यायली. मी पण. सगळी कोडी सुटली, तिथेच अडलं. आम्हाला वाटायचं, आधी काही वस्तू आणायची राहिली असेल. हातपाय धुवायचे असतील. पोरांनी जंगल उलटंपालटं केलं. पण दारात गेल्यावर कोणी प्रेमानं खायला देतं आणि त्याला नाही म्हणायचं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ते तुमच्या रुखमिणीनं केलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, त्याच्या पहिल्याच दिवशी."

म्हणजे मंडईनंतर. म्हणजे खीर तीनदा घेऊन ते घरी आले, त्याच आठवड्यात. यादोरावांनी मुलीकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती.

"नाही म्हणू?" त्यांनी विचारलं.

"म्हणा ना."

त्यांचं बोट 'नाही'च्या खटक्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. हसू नका. बैलाला वेसण घालताना, सापाच्या बिळाशी कुदळ मारताना जो हात कधी अडला नाही, तो विलायतेच्या एका खेळातल्या बाईचं मन मोडायला अडला होता. "थे एवढ्या मायेनं देते," ते पुटपुटले, "तिले काय वाटन?"

"काही नाही वाटत, बाबा. दाबा."

त्यांनी डोळे मिटून दाबलं. पडदा काळा झाला नाही. रुखमिणीनं वाचलं, "म्हातारी म्हणते, बरं बापा, तुझी मर्जी. शेकोटीपाशी बस. पुलाकडची वाट डावीकडून आहे."

"रागावली नाही?"

"नाही."

"शिवी नाही, काही नाही?"

"नाही ना, बाबा."

मुलांना पूल ओलांडायची घाई झाली होती. यादोरावांनी खुर्ची मुलांना दिली आणि रुखमिणीला घेऊन ते दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी आले. घोकलेलं वाक्य अजून तोंडात होतं. ते बाहेर आलंच नाही, त्याच्या जागी दुसरंच आलं.

"रुखमे, मशीनले नाही म्हणतेस. मंग घरी काहून नाही म्हटलं? कोंढ्याचं सांगतलं तवा?"

रुखमिणी पायाच्या अंगठ्यानं एक चप्पल सरळ करत राहिली. मग म्हणाली, "थे मशीन इचारते, बाबा. हो का नाही, सांग म्हणते. मले घरी कोणी इचारलंच नाही."

हे ती रडून म्हणाली असती तर यादोरावांना सोपं गेलं असतं. रडणाऱ्याची समजूत घालणं त्यांना छान जमे. ती रडली नाही. पाऊस येतो म्हणावं तसं म्हणाली. जन्मभर ज्याला त्याला हो म्हणत आलो, आणि घरातल्या पोरीला साधं विचारलं नाही, याची यादोरावांना मनापासून लाज वाटली.

"इचारतो मंग," ते म्हणाले. "कोंढ्याले जाचं का तुले?"

"नाही," रुखमिणी म्हणाली. "मले परीक्षा द्याची आहे. पुढं शिकाचं आहे."

दारातून सुलोचनाबाईंनी विचारलं, "बाबाजी, तुम्ही काही सांगणार होतात?"

"काही नाही जी," यादोराव म्हणाले. "तिची सहाची बस तेवढी चुकू देऊ नोका. मंग अंधार पडते."

घरी त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं की हेडमास्तर भेटले नाहीत. आणि रविवारी, मावसभावाला भेटून येतो म्हणून, बस बदलत बदलत ते कोंढ्याला गेले. बसमध्ये त्यांनी ठरवलं होतं की उंबऱ्यावरच सांगायचं. उंबऱ्यावर वासुदेवरावांनी मिठी मारली. मग ठरवलं, पाणी यायच्या आधी सांगू. पाणी आलं. चहाच्या आधी सांगू, चहा आला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसे ते धानाच्या भावावर, तुडतुड्यावर आणि तळ्याच्या पाळीवर बोलत राहिले. शेवटी ताट आलं. म्हातारीच्या झोपडीत खटका दाबणं निराळं आणि भरल्या घरात, वाढणाऱ्या हाताखालचं ताट सरकवणं निराळं. यादोराव जेवले. भात संपला, वरण संपलं. भाजी पुन्हा आली, तीही संपली. हात धुताना त्यांना वाटलं, संपलं, आता बोलायची सोय राहिली नाही. रीत पुरी झाली.

वासुदेवरावांनी पुसायला पंचा पुढे केला आणि म्हणाले, "मग साक्षगंधाची तिथी काढाची ना?"

"नाही जी," यादोराव म्हणाले.

वासुदेवरावांना वाटलं, पाहुण्याला ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही जी. पोरीची मर्जी नाही. थे शिकून राहिली. तुमचं घर चांगलं, पोरगा चांगला. माहीच चूक झाली. मी तिले न इचारता हो म्हटलं होतं."

वासुदेवराव त्या मशीनमधल्या म्हातारीसारखे नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला, मग काळा पडला. "जेवून नाही म्हणता?" ते म्हणाले. "जेवाच्या आधी सांगाचं होतं!"

"आधी जमलं नाही जी," यादोराव म्हणाले. ते अगदी खरं होतं. वासुदेवराव आत निघून गेले आणि पाहुण्याला दारापर्यंत सोडायला आले नाहीत. असा अपमान यादोरावांचा जन्मात कधी झाला नव्हता. बसथांब्यापर्यंत त्यांचे कान तापलेले होते. पण पाय हलके पडत होते, हेही तितकंच खरं, आणि याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

दिवेलागणीला ते घरी पोचले तेव्हा रुखमिणी विहिरीवर गेली होती. सत्यभामाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. यादोरावांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. एका दमात, मध्ये थांबलो तर उरलेलं राहून जाईल या भीतीनं.

सत्यभामाबाई आधी समजल्या नाहीत, मग भडकल्या. "ज्याच्या घरचं दोनदा खाल्लं त्याले नाही म्हणून आले? लोकं तोंडात शेण घालतीन! पुढं हिले कोण करन? अन् जन्मात तोंडातून 'नाही' निघालं नाही, थे आताच कसं निघालं? कोणं शिकोलं तुमाले?"

"रुखमीनं."

"तिनं सांगतलं का, मले कोंढा नको म्हणून?"

"मी इचारलं तिले. मंग सांगतलं तिनं."

सत्यभामाबाईंचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. त्या पुन्हा बोलल्या तेव्हा आवाजात भांडण उरलं नव्हतं.

"मी चवथीत होती," त्या म्हणाल्या. "गुरुजी दोन खेपा घरी आले होते. पोरगी हुशार आहे, काढू नोका म्हणे. माह्या बापानं त्याइले च्या पाजला अन् वापस पाठवलं. शाळा सोडतेस का, असं मले कोणी नाही इचारलं."

यादोरावांना हे ठाऊक नव्हतं. याच चुलीपुढे इतकी वर्षं जेवले, आणि ही एवढी गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. ते खाली बसले.

"इचारलं असतं त काय म्हटलं असतं तू?"

सत्यभामाबाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, लाजही नव्हती.

"नाही म्हटलं असतं जी," त्या म्हणाल्या, आणि करपू लागलेली भाकरी तव्यावरून उतरवून त्यांनी नवी थापायला घेतली.